मशीनचं तेल

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण उतारावरच्या सायकल शर्यतीत उतरलेली बेचाळीस वर्षांची बाई म्हटलं की लोक आपल्या मनाने काहीबाही चित्र रंगवतात. शाळेत मला ‘डेअरिंगवाल्या मॅडम’ म्हणतात. म्हणोत बापडे. मला पालीची भीती वाटते, विहिरीत डोकावायची भीती वाटते, आणि मुख्याध्यापकांनी ‘जरा येऊन जा’ असा निरोप धाडला, तर ऑफिसपर्यंतच्या वीस पावलांत मी तीनदा पदर सारखा करते.

सायकल मी काही शौर्य गाजवायला घेतली नव्हती. साखर काठावर आलीय, हातपाय हलवा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून नागपूरच्या एका ओळखीच्यांकडून जाड टायरांची जुनी सायकल घेतली आणि संध्याकाळी शाळेतून आल्यावर खाणीमागच्या टेकडीवर नेऊ लागले. आमचं घर चिखला गावात, मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीला लागून. टेकडी दारातूनच दिसते. चढताना गुडघे कुरकुरायचे, जीव नको व्हायचा. पण वरून खाली सुटले की एक गंमत व्हायची. पालीची, मुख्याध्यापकांची, आईच्या बीपीची, सगळी भीती गळून पडायची आणि एकच उरायची, समोरच्या दगडाची. एकच भीती सांभाळायला सोपी असते. मला त्याची चटक लागली, दुसरं काही नाही.

आईला मात्र सायकल पहिल्या दिवसापासून खुपत होती. सायकलीपेक्षाही तिचा आवाज. या सायकलींच्या चाकाला मधोमध पोलादाची एक गोल चकती असते, डिस्क म्हणतात तिला. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन छोटे पॅड त्या चकतीला चिमटीत धरतात. माझी चकती चिमटीत आली की किंचाळायची. उतारावर मोहाच्या झाडापाशी जे वळण आहे, त्या मोहाच्या वळणावर मी ब्रेक दाबला की खाली कॉलनीतली कुत्री भुंकायला लागायची आणि आई शिलाई मशीनवरून ओरडायची, “आली माही पोरगी, जनावर कापत कापत!”

हे सगळं ती हसत म्हणायची, पण तो आवाज तिला का सोसत नाही ते मला ठाऊक होतं. बाबा खाणीत खाली उतरायचे. पाळी सुटल्याचा भोंगा वेळेवर वाजला तर आई मानही वर करायची नाही. अवेळी वाजला, म्हणजे खाली अपघात झाला, की तिच्या हातातलं कापड गळून पडायचं. माझ्या आठवणीत असा तो दोनदा वाजला. दोन्ही वेळा बाबा धडधाकट घरी आले, पुढे रिटायर झाले आणि काही वर्षांनी घरीच, स्वतःच्या खाटेवर गेले. पण आईच्या कानांचं जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. ती आजही माणसांची वाट डोळ्यांनी पाहत नाही, कानांनी पाहते.

गेल्या वर्षी मी पडले. टेकडीवर एक काळा, गुळगुळीत दगड आहे, त्याच्यावरून चाक घसरलं आणि डावं मनगट मोडलं. दोन महिने आईने माझी वेणी घातली, मला भात कालवून दिला, साडीला पिना लावून शाळेत धाडलं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने अट घातली. “आखीन एकदा पडली ना, तं सायकल भंगारवाल्याले देऊन टाकीन. मले दुसऱ्यांदा तुयी वेणी घालाले लावू नको.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग यंदाच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका सायकल क्लबची माणसं आली, आमची टेकडी त्यांना पसंत पडली आणि शर्यत ठरली. वरच्या पठारावरून सुटायचं, दगडांतून, सागाच्या झाडीतून, मोहाच्या वळणावरून खाली यायचं आणि बोडीजवळच्या मोकळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, संपवायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्याच होत्या. बायकांच्या गटात आम्ही पाच जणी होतो. चार बाहेरच्या, गावची मी एकटी. आई एवढंच म्हणाली, “जा. पन पडाचं नाई.”

शर्यत रविवारी होती. आई मशीनला तेल घालते तीही रविवारीच, दुपारी, शिवलेले ब्लाउज गिऱ्हाइकांना दिल्यावर. लांब चोचीची प्लॅस्टिकची बाटली असते, ती मशीनच्या भोकाभोकांत टेकवत जाते. शनिवारी संध्याकाळी ती बाटली मला खिडकीत दिसली होती. शनिवारी कशी, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी उद्याच्या काळ्या दगडाचा विचार करत होते.

सकाळी सहाला क्लबची पिकअप सगळ्यांच्या सायकली वर न्यायला दारात आली. दोघांनी माझी सायकल उचलून गाडीत आडवी टाकली. म्हणजे त्या दिवशी मी एकदाही ब्रेक दाबून पाहिला नव्हता. आई विहारात वंदना करून आली होती, पांढऱ्या लुगड्यात. मी पाया पडले तर गालातल्या गालात हसत म्हणाली, “जाय. आज तुयी सायकल नाई ओरडनार.”

मला तो आशीर्वाद वाटला. आज सगळं सुरळीत होईल, असं तिला म्हणायचं असेल, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले होते, हेही लिहून ठेवते, म्हणजे माझ्या अकलेचा अंदाज येईल.

वर पठारावर गार वारा होता. सायकल उतरवून घेतली, दोन पावलं ढकलली आणि सवयीने ब्रेक दाबला. मूठ घट्ट लागली, नेहमीसारखी. पण चाक फिरतच राहिलं. किंचाळलं नाही, कुरकुरलं नाही, लोण्यातून सुरी जावी तसं फिरत राहिलं. पुन्हा दाबला. मागचा दाबला. तेच. मी वाकून चकतीवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

तो वास मी चाळीस वर्षं ओळखते. माझ्या शाळेच्या गणवेशाला यायचा, बाबांच्या पायजम्याला यायचा, दिवाळीच्या नव्या कपड्यांनाही यायचा. मशीनचं तेल. तिने चांगलं हात सैल सोडून घातलं होतं, पुढेही आणि मागेही. लोखंड ओरडतंय म्हणजे ते कोरडं पडलंय, एवढंच तिचं शास्त्र. आणि त्या शास्त्रावर तिने पन्नास वर्षं एक मशीन नव्यासारखं चालवलंय. मी विज्ञान शिकवते. आठवडाभरापूर्वीच सातवीला घर्षणाचा धडा शिकवला होता. तेलाने घर्षण कमी होते, उदाहरणे द्या. पोरांनी बिजागरी सांगितली, चेन सांगितली, शिलाई मशीनही सांगितलं. ब्रेक कोणी सांगितला नाही. ब्रेकला तेल घालील कोण?

क्लबचा मेकॅनिक नागपूरचा होता, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा, हात काळे. त्याने पॅड काढले, उजेडात धरले आणि मान हलवली.

“मॅडम, डिस्कले तेल कोनं लावलं? हे तं दुश्मनबी नाई करत.”

दुश्मन खाली, शर्यत संपते तिथल्या मांडवात बसली होती, डब्यात माझ्यासाठी मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन. मी म्हटलं, “चुकून सांडलं.”

त्याने पॅड कानशीने घासले, औषधांच्या पेटीतलं स्पिरिट ओतून चकत्या पुसल्या, पॅड पुन्हा घासले. मीही घासत होते, उघड्या हातांनी. त्याच्याकडचे जास्तीचे पॅड माझ्या सायकलीला बसत नव्हते. अर्ध्या तासाने मागचा ब्रेक थोडासा धरू लागला. पुढचा मेलाच होता.

“पॅड तेल पिऊन बसले,” तो म्हणाला. “मागचा धरते थोडाबहुत, पन भरोसा नाई. माहं ऐकाल तं नाव काढून घ्या.”

नाव काढून घ्यावं, हेच शहाणपणाचं होतं. मी आयोजकाच्या टेबलाकडे चार पावलं गेलेही. तेवढ्यात खालून लाउडस्पीकरचा आवाज आला. पुरुषांच्या गटातल्या कोणाची तरी चेन तुटली होती आणि निवेदक ती बातमी अख्ख्या गावाला ऐकवत होता, कुठे तुटली, कशी तुटली, सगळं सविस्तर. मी जागीच थांबले. माझं नाव घेऊन तो म्हणणार, ब्रेकमध्ये तेल गेल्यामुळे स्पर्धेबाहेर. आणि मांडवात पांढऱ्या लुगड्यातली एक बाई ते ऐकणार.

मी परत फिरले ते आईसाठी, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं असं की पाच बायकांत मी गावची एकटी होते आणि माझ्या वर्गातली पोरं झाडांवर चढून बसली होती. आईला दुःख होऊ नये आणि आपली लाज राखली जावी, या दोन गोष्टी त्या क्षणी इतक्या एकजीव झाल्या होत्या की कोणती कोणती, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

सुटण्याआधी एक जण सायकली तपासत होता. दोन्ही ब्रेक दाबून धरा म्हणाला आणि मागून ढकललं. उभी सायकल मागच्या ब्रेकवर थांबून राहिली. त्याने यादीत माझ्या नंबरासमोर खूण केली. मी खोटं बोलले नाही, फक्त तोंड उघडलं नाही.

एकेक मिनिटाने एकेकीला सोडत होते. माझी पाळी चौथी. समोरची तिसरी सुटली तेव्हा पेडलवर टेकलेला माझा बूट टकटक वाजत होता. आयुष्यात पहिल्यांदा उतारावर ती गंमत झाली नाही. एकच भीती उरायला हवी होती. त्याऐवजी सगळ्याच मागे येऊन बसल्या. मनगट. वेणी. भंगारवाला. आणि सगळ्यांत पुढे हे, की मी आज पडले, तर कोणामुळे पडले हे कधी ना कधी तिला कळणार.

शिट्टी वाजली.

पहिला टप्पा लाल मुरुमाचा, सरळ. नेहमी मी तिथे सायकल सोडून देते. त्या दिवशी पहिल्या क्षणापासून मागचा ब्रेक दाबून धरला, तरी वेग वाढतच होता. मी रस्त्याचा मधला घट्ट भाग सोडला आणि कडेच्या गवतात घातली. गवताने थोडं ओढून धरलं. डावा पाय काढून जमिनीवर घासत नेला. बुटाचा तळ गरम झालेला मोज्यातून कळत होता. इतर जणी वेळ वाचवायला बघत होत्या आणि मी मिळेल तिथे वेळ घालवायला बघत होते. शर्यतीत अशी स्पर्धक कोणी पाहिली नसेल.

दगडांत शिरले तेव्हा दात एकमेकांवर आपटत होते. काळा दगड दिसला. त्याला चुकवायला डावीकडून वाट आहे, पण त्या वाटेला वळायला वेग कमी असावा लागतो. माझा नव्हता. मी सरळ त्याच्यावरून गेले. चाक त्याच जागी घसरलं, तेच, तिथेच, तसंच. मग सायकल कशी सरळ झाली ते मला माहीत नाही. मी काही केलं नाही, एवढं खात्रीने सांगते. तिथे उभा असलेला स्वयंसेवक नंतर म्हणाला, “मॅडम, तुमी ‘आई गं, आई गं’ करत गेल्या, मले वाटलं आईले हाक मारून राहिल्या.”

सागाच्या झाडीत वाट अरुंद होते. तिथे मागच्या ब्रेकनेही हात टेकले. मूठ दाबलेली, सायकल पळतेय, आणि कुठलाच आवाज नाही. त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. मला तेव्हा कळलं की इतके दिवस तो किंचाळणारा आवाज माझ्यासोबत असायचा. तो आला की मला कळायचं, आपलं कोणीतरी ऐकतंय.

पुढे मोहाचं वळण. तिथे ज्या बाजूला माणूस फेकला जाईल, त्या बाजूला आयोजकांनी तणसाचे भारे रचले होते. तणस म्हणजे धानाचा पेंढा. सकाळपासून तीन-चार जण त्यात जाऊन आदळले असणार, कारण भारे फुटून तणस वाटेवर पसरलं होतं. सगळे त्याला टाळत होते, चाक त्यात रुततं म्हणून. मला तेच हवं होतं. मी सायकल तणसात घातली. हँडल दोनदा हातातून निसटायला बघत होतं, मनगटातून कळ डोक्यापर्यंत गेली, तणस चेनमध्ये, तोंडात, हेल्मेटमध्ये. पण चाकं जड झाली, वेग मोडला आणि मी वळणातून बाहेर पडले तेव्हा सायकल माझ्याच खाली होती.

बाकी उतार बांध्यांचा. धानाच्या खुंटांवरून खडखडत मी शेवटची रेषा ओलांडली. लोक टाळ्या वाजवत होते, थांबा, थांबा म्हणत होते. थांबायचं कशाने? मांडव उजवीकडे गेला, चिवड्याचा डबा गेला, आणि समोर बोडीची पाळ आली, मातीचा उंच बांध. मी तिच्यावर चढत गेले. चढता चढता सायकल दमली आणि पाळीच्या माथ्यावर, पाण्यापासून चार हात अलीकडे, थांबली. मी पाय टेकले. मग सायकल आडवी केली आणि शेजारी खाली बसले. पडले नाही. पडणं आणि बसणं यात फरक आहे.

आई पाळ चढून आली. पायांत चप्पल नव्हती, पदर खांद्यावरून सुटला होता. तिने आधी माझं डावं मनगट धरलं, दाबून पाहिलं, उलटंसुलटं केलं. मग माझ्या शेजारी मातीत बसली.

“आवाज नाई आला वं,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “रोज मोहापाशी येते ना. मी कान लावून उभी होती. ते माईकवाला सांगे, सुटली, सुटली म्हने. आन् आवाजच नाई. मले वाटलं, गेली माही पोरगी.”

माझ्या हातांना त्या तेलाचा वास येत होता, म्हणून मी हात पाठीमागे नेले.

मग तिचं तिलाच आठवलं आणि ती हसायला लागली. डोळे पुसत हसत होती. “अवो, मीच तं बंद केला आवाज! काल मशीनचं तेल टाकलं ना मीनं, तुले सांगितलंच नाई. मंग आवाज कसा येईल? मी बी किती येडी!”

पाचांत माझा नंबर चौथा लागला. पाचवी तणसात आडवी झाली होती. आईला त्याचं काही नव्हतं. आठवडाभर तिने कॉलनीतल्या येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “मीनं तेल टाकलं म्हून तं अशी सुसाट आली! थांबतच नोती!” बायका माझ्याकडे पाहायच्या आणि मी मान डोलवायचे.

नवे पॅड आले, बसवले. पहिल्या संध्याकाळी मोहाच्या वळणावर ब्रेक दाबला आणि सायकल किंचाळली. कुत्री भुंकली. मला रडू आलं. घरी पोचले तर आई मशीनवरून उठलेली, हातात ती लांब चोचीची बाटली.

“पुन्हा ओरडाले लागली वं तुयी सायकल. आन इकडे.”

मी म्हटलं, “आई, नको. तो आवाज राहू दे.”

“काहून?”

तोपर्यंत मी ठरवलं होतं की हे तिला कधीच सांगायचं नाही. पण बाटलीची चोच चाकापाशी पोचली होती, आणि न सांगून तिला थांबवायचं कसं, ते मला सुचलं नाही. “तो आवाज आला म्हणजे ब्रेक लागतोय,” मी म्हटलं. “तेल गेलं की लागत नाही.”

ती ओणवी होती, तशीच राहिली. शिवणकाम करणारी बाई आहे, दोन तुकडे जोडायला तिला वेळ लागत नाही. मग तिने बाटलीला टोपण लावलं. लागलं होतं तरी आणखी आवळलं, आणखी आवळलं.

“मंग त्या दिवशी तू तशीच आली? बिना ब्रेकची?”

मी पेडल उगाच फिरवलं.

“मले सांगितलं काहून नाई?”

“तू खाली उभी होतीस.”

ती आत गेली. मशीनवर बसली, पण पाय चालवले नाहीत. मी दारात उभी राहून सायकलचा चिखल खरवडत होते, नसलेला. बऱ्याच वेळाने ती आतूनच म्हणाली, “वेणी सुटली तुयी. ये इकडे.” मी जाऊन तिच्या पायाशी बसले. दोन्ही हात शाबूत असताना तिने माझी वेणी घातली, घट्ट, डोकं दुखेल इतकी. तेलाविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. कॉलनीतल्या बायकांना सुसाट आल्याची गोष्ट सांगायचं तिने बंद केलं.

अजूनही मी टेकडीवर जाते आणि अजूनही भिते. ती बाटली आता खिडकीत नसते, कुठे ठेवते ते मी विचारलेलं नाही. मोहाचं वळण आता मला ब्रेक न दाबता घेता येतं, सरावाने तेवढं जमलंय. तरी मी तिथे ब्रेक दाबते, गरजेपेक्षा जास्त, चांगला लांबवून. खाली मशीन थांबतं. मग पुन्हा सुरू होतं.